एका खिडकीचा उजेड

घरातल्या वस्तूंचं छायाचित्र काढायला बसलात की पहिलं काम म्हणजे ट्यूबलाइट बंद करणं. मग बल्ब, देवघरातला छोटा लाल दिवा, टीव्ही, शोकेसमधली एलईडीची माळ, सगळंच. दोन खिडक्या असतील तर एकीचा पडदा ओढून घ्या. उरलेल्या एका खिडकीच्या उजेडात खोली अंधारी वाटू लागेल आणि एवढ्याशा उजेडात फोटो कसला येणार, अशी शंका येईल. फोटो उत्तम येतो. घरी फोटो बिघडतात ते उजेड कमी पडल्यामुळे नव्हे. तो चहूबाजूंनी, वेगवेगळ्या रंगांत, एकदम आल्यामुळे.

कमी उजेड चालतो, कारण टेबलावरचा तांब्या हलत नाही. रांगणारं मूल किंवा मांजर टिपायचं तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागात मिटावं लागतं. तांब्यासमोर ते दहा सेकंद उघडं राहिलं तरी काही बिघडत नाही. डोळ्याला उजेड साठवता येत नाही, कॅमेऱ्याला येतो. छायाचित्रणाच्या आरंभी या एका गोष्टीवरच सगळी भिस्त होती. लुई दागेरने 1837 मध्ये काढलेलं एक चित्र पॅरिसच्या फ्रेंच छायाचित्रण संस्थेच्या संग्रहात आहे. प्लास्टरच्या मूर्ती, वेताने मढवलेली बाटली, भिंतीवर एक चौकट, कापडाच्या चुण्या, आणि या साऱ्यावर पडलेला उजेड. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला तेव्हा काही मिनिटं लागत, आणि तेवढा वेळ निश्चल राहणारं मॉडेल मूर्ती आणि बाटलीखेरीज दुसरं कोण मिळणार? पुढच्याच वर्षी दागेरने खिडकीतून बुलेव्हार द्यू तांप्ल या गजबजलेल्या रस्त्याचं चित्र घेतलं, तेव्हा धावत्या घोडागाड्या आणि चालती माणसं त्यात उमटलीच नाहीत. बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा राहिला.

खोलीतल्या उजेडाचा अंदाज आपल्याला नीट येत नाही, कारण डोळा फार लवकर जुळवून घेतो. भर दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशी दहा हजारांच्या आसपास. खिडकीपासून मीटरभर आत काही शे ते हजार-दोन हजार, आणि रात्री ट्यूबखाली शंभर ते तीनशे. म्हणजे दिवसा ज्या कोपऱ्यात आपला हात दिव्याच्या बटणाकडे जातो, तिथे रात्रीच्या झगझगीत वाटणाऱ्या खोलीपेक्षा पुष्कळ अधिक उजेड असतो. आठशे लक्स उजेडात, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) 100 ठेवून, फोनच्या एफ/1.8 भिंगाला सुमारे 1/100 सेकंद पुरतो. तिन्हीसांजेला पन्नास लक्स उरले तर 1/6 सेकंद. फोन हातात धरून हा वेळ साधत नाही, पण तांदळाच्या डब्याला टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून सहज साधतो. तिपाईही लागत नाही.

दिवे बंद करण्यामागे रंगाचंही कारण आहे. पिवळ्या बल्बच्या उजेडाचा रंग सुमारे 2700 केल्विन, दुपारच्या उन्हाचा 5500, आणि आपल्याकडे पांढरी म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्यूबवर किंवा एलईडीवर बहुतेक वेळा 6500 छापलेलं असतं. निळ्या आकाशाकडून सावलीत येणारा उजेड आणखी निळा असतो. कॅमेरा यांतल्या एकाच उजेडाला पांढरा मानू शकतो. दोन एकदम पडले की तांब्याची एक कड निळी आणि दुसरी नारिंगी होते, आणि हे नंतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये धड निस्तरता येत नाही. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल रंगाचा भाग तोकडा असतो, म्हणून त्याखाली डाळिंबाचे दाणे आणि कुंकू मळकट दिसतं. भिंतीही रंग सांडतात. पोपटी भिंतीशेजारी ठेवलेल्या दह्याच्या वाटीची एक बाजू पोपटी होते. डोळ्याला ते जाणवत नाही, फोटोत लगेच दिसतं. भिंत आणि वस्तू यांच्यामध्ये एक पांढरा कागद उभा केला की काम झालं.

आता खिडकी. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्यांना वस्तुचित्र आणि स्थिरचित्र आठवत असेल. समोर कापडावर मांडलेली बादली, कांदे, वांगी, आणि चित्रकलेच्या सरांचा ठरलेला प्रश्न: उजेड कुठून येतोय? छायाचित्रातही प्रश्न तोच. खिडकीकडे पाठ करून फोटो काढला तर उजेड वस्तूवर समोरून पडतो, पडछाया वस्तूच्या मागे लपते आणि भाकरी सपाट चकतीसारखी दिसते. फोनचा फ्लॅश हेच करतो, आणि वर चमकाही आणतो, कारण तो भिंगाला अगदी खेटून असतो. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला घेतली की उजेड पृष्ठभागावरून घसरत जातो. भाकरीचे पापुद्रे, नारळाची शेंडी, लसणाची सालं, प्रत्येक उंचवट्याला आपली छोटी सावली मिळते. खिडकी वस्तूच्या मागे गेली की ज्यांच्यातून उजेड आरपार जातो त्या गोष्टी खुलतात: केळीचं पान, संत्र्याची फोड, पेल्यातलं कोकम सरबत. एकच फोड घ्या आणि फक्त तुमची जागा बदलत टेबलाभोवती फिरा. खिडकी न हलवता उजेड बदलण्याचा हाच मार्ग आहे, आणि एवढं एक केलं तरी पुस्तकातलं पुष्कळसं कळून जातं.

पाश्चात्त्य पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीची फार महती असते. युरोपातल्या चित्रकारांनी तिची निवड केली, कारण तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो आणि उत्तरेकडून फक्त आकाशाचा शांत उजेड येतो. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली आहे. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, आणि मार्चच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत तो पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेला उगवतो-मावळतो. त्यामुळे उन्हाळ्यात आपल्या उत्तरेच्या खिडकीतून सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन थेट आत येतं. दिवाळीपासून होळीपर्यंत मात्र युरोपातला सल्ला इथेही खरा ठरतो. पाऊस सुरू झाला की दिशेचा प्रश्नच उरत नाही. सगळं आभाळ एकसारखं पांढुरकं होतं आणि चारही दिशांच्या खिडक्या सारख्याच कामाच्या होतात. घरात बसून असलं छायाचित्रण शिकायचं असेल तर आपल्याकडे पावसाळ्याइतका चांगला काळ नाही, असं माझं ठाम मत आहे.

थेट ऊन आणि आकाशाचा उजेड यांत फरक पडतो तो आकाराचा. सावलीची कड धारदार पडेल की विरत जाईल, हे उजेड किती प्रखर आहे यावर ठरत नाही. उजेडाचा उगम वस्तूच्या जागेवरून केवढा दिसतो, यावर ठरतं. सूर्य प्रत्यक्षात प्रचंड असला तरी आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, म्हणून उन्हातली सावली रेखीव असते. मीटरभर रुंद खिडकीसमोर मीटरभर अंतरावर लिंबू ठेवलं, तर त्या लिंबाला ती खिडकी सूर्याच्या शंभरपट रुंद दिसते. खिडकीतला थोडा उजेड लिंबाच्या मागेही वळून पोचतो आणि सावली हळूहळू विरत जाते. खिडकीवर थेट ऊन येत असेल तर पांढरं धोतर किंवा पातळ सुती साडी ताणून बांधा. मग लिंबाला सूर्य दिसत नाही, उजळलेलं कापड दिसतं, आणि तोच त्याचा दिवा होतो.

याचा अर्थ धारदार सावली वाईट, असा मुळीच नाही. कोकणातल्या कौलारू घरात फटीतून पडणारा कवडसा पाहा. फट वेडीवाकडी असली तरी उंचावरून पडलेला कवडसा गोल किंवा लंबगोल असतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी जमिनीवरचे सगळे कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात. तीन मीटरांवरून सरळ खाली आलेला कवडसा जवळपास तीन सेंटिमीटर रुंदीचा असतो, म्हणजे एखादी सुपारी नेमकी त्यात मावते. बाकीचं घर काळोखात, सुपारी तेवढी उन्हात. असा दिवा विकत आणायचा तर हजारो रुपये मोजावे लागतात. फ्लॅटमध्ये कौलं नसतात, पण जाड पुठ्ठ्याला भोक पाडून तो उन्हाच्या खिडकीत लावला की तोच कवडसा तयार होतो. खिडकीच्या ग्रिलची सावलीही अशीच टेबलावर घ्यावी. तिच्यामुळे चित्राला जागेचा पत्ता मिळतो.

वस्तू खिडकीपासून किती दूर ठेवायची, यावर मागची पार्श्वभूमी ठरते. लहान उगमापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. मोठ्या खिडकीच्या अगदी जवळ ही घट इतकी झपाट्याने होत नाही, पण नियमाची दिशा तीच. लहान खिडकीपासून पेरू एक मीटरवर आणि मागची भिंत तीन मीटरवर असेल, तर भिंतीवर पेरूच्या तुलनेत नवव्या भागाच्या आसपासच उजेड पोचतो. ती पांढरी असली तरी फोटोत राखाडी, जवळजवळ काळपट येते. काळं कापड आणावंच लागत नाही. आणायचंच झालं तर मखमल शोधू नका, घोंगडी घ्या. तिची लोकर उजेड गिळून टाकते आणि किंचितही चमकत नाही. खाली पाट, गोणपाट किंवा शहाबादी फरशीचा तुकडा. फरशीचा करडा रंग कुठल्याही फळाशी भांडत नाही.

अंधाऱ्या बाजूला किती उजेड परतवायचा हे तुमच्या हातात आहे. पांढरा ड्रॉइंग पेपर वस्तूच्या त्या बाजूला उभा केला की सावलीत तपशील दिसू लागतो. कागद जवळ नेला तर अधिक, लांब नेला तर कमी. नवशिके इथे हमखास जास्त उजळवतात. सावली भरून काढण्याआधी तिला एकदा तसंच पाहावं. पुष्कळदा कागदाऐवजी उघडी काळी छत्री ठेवायला हवी असते, म्हणजे खोलीतून परतणारा उरलासुरला उजेडही थांबतो आणि वस्तूची ती कड अंधारात मिसळून जाते.

यापुढचा विषय अवघड आहे आणि आपल्या घरांत तो टाळता येत नाही: पितळ आणि स्टील. चिंच-मिठाने लख्ख घासलेल्या तांब्याचा फोटो काढा. त्यात खिडकी दिसेल, पंखा दिसेल, कपाट दिसेल आणि मधोमध फोन धरलेले तुम्ही दिसाल. पेरूवर उजेड पडला की तो सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून कुठूनही पाहिलं तरी पेरू सारखाच दिसतो. घासलेला धातू उजेड विखरत नाही, ज्या कोनात आला त्याच कोनात परतवतो. त्यामुळे तांब्याचा फोटो म्हणजे तांब्याला समोर जे दिसतं त्याचा फोटो. त्यातून त्याचं पोट फुगीर, म्हणजे तो बहिर्वक्र आरसा. जवळजवळ अख्खी खोली तो आपल्यात सामावून घेतो. अशा वेळी दिवे वाढवून काहीच साधत नाही. तांब्याला बघायला काहीतरी साधं, मोठं आणि नेटकं द्यावं लागतं. खिडकीच्या बाजूला पांढरी चादर ताणून बांधा, म्हणजे ग्रिल आणि समोरची इमारत जाऊन एक लांब, शांत उजळ पट्टा येतो. समोरच्या बाजूला, जिथे तुम्ही आहात, तिथे अंधार हवा. गडद सदरा घाला, दोन पावलं मागे जा, फोनचं दुप्पट किंवा तिप्पट झूमचं भिंग वापरा. लांबून तुमचं प्रतिबिंब ठिपक्याएवढं होतं आणि तांब्याचा आकारही जवळून होतो तसा बेढब होत नाही. मग गंमत इथे आहे: सगळीकडे पांढरंच दिलं तर पितळ पितळ वाटेनासं होतं, पिवळा रंग दिलेल्या मातीसारखं दिसतं. धातू ओळखू येतो तो उजळ आणि काळ्या पट्ट्यांच्या शेजारामुळे. म्हणून चादरीच्या कडेला काळ्या कागदाची एक पट्टी टांगा आणि ती सरकवत राहा. तिचं प्रतिबिंब तांब्याच्या कडेवर येईल त्या क्षणी त्याचा गळा आणि पोट डोळ्यांसमोर गोल होतं. आणि शक्य असेल तर आठवडाभरापूर्वी घासलेला तांब्या घ्या. किंचित काळवंडलेलं पितळ उजेड थोडा विखरतं आणि फोटोत अधिक देखणं येतं.

काचेच्या पेल्याचं याच्या उलट. त्याच्यावर पडणारा उजेड फारसा कामाचा नाही, त्याच्या मागे काय आहे ते महत्त्वाचं. मागे खिडकीवर बटर पेपर लावा आणि चौकटीत फक्त तोच उजळ भाग घ्या. पेल्याच्या कडा आजूबाजूच्या अंधाराला वाकवून आत आणतात आणि काळ्या रेघेने काढल्यासारख्या दिसतात. आता पेला आणि खिडकी यांच्यामध्ये काळा पुठ्ठा असा धरा की खिडकीचा उजेड त्याच्या चारही बाजूंनी थोडाथोडा डोकावेल. चित्र उलटतं: पेला काळा आणि कडा उजळ.

छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने 1930 साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. मिरची क्रमांक 30 या नावाने ते चित्र जगभर गेलं. नरसाळ्याच्या आतल्या उतारावरून उजेड मिरचीभोवती फिरला आणि तिचे वळसे माणसाच्या पाठीखांद्यांसारखे दिसू लागले. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात ढोबळी मिरची ठेवून, पातेलं खिडकीकडे तिरकं करून, हे आजच करून बघता येतं.

पण घरातल्या उजेडाचा खरा धनी म्हणून मी प्रागच्या योसेफ सुडेकचं नाव घेईन. जन्म 1896 चा, शिक्षण पुस्तकबांधणीचं. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्याचा उजवा हात गेला. तरीही त्याने पुढे मोठ्या आकाराचे, जड, लाकडी कॅमेरे वापरले आणि डाव्या हाताने ते सांभाळले. उयेझ्द भागात एका बागेत त्याचा लहानसा लाकडी स्टुडिओ होता. जर्मनांनी शहर ताब्यात घेतल्यावर कॅमेरा घेऊन रस्त्यावर फिरणं धोक्याचं झालं, आणि 1940 पासून तो त्या स्टुडिओच्या खिडकीकडे वळला. 1954 पर्यंत तो त्याच एका खिडकीची चित्रं काढत राहिला: बाहेर वाकडं सफरचंदाचं झाड, काचेवर साचलेलं दव, कधी ओघळ, कधी बर्फ, आणि आत खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा पेला, एखादं अंडं, पावाचा तुकडा, गुलाब. याच काळापासून त्याने चित्रं मोठी करणं सोडून दिलं. निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून जेवढ्यास तेवढीच प्रत काढायची, म्हणजे उजेडाची एकही बारीक छटा हरवत नाही. त्या प्रती पाहिल्या की जाणवतं, की त्यांत लख्ख पांढरं फार थोडं आहे आणि गडद काळंही थोडंच. बहुतेक सगळं चित्र मधल्या करड्या छटांत राहतं, आणि पेल्याच्या काठावर जो एक ठिपका उजळतो तो त्यामुळेच डोळ्यात भरतो. फोन नेमकं याच्या विरुद्ध वागतो. अंधार दिसला की तो सारं उजळवतो. म्हणून वस्तूवर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस कुलूपबंद करा आणि शेजारची उजेडाची खूण खाली ओढून चित्र मुद्दाम गडद करा, सर्वांत उजळ जागेतला तपशील दिसेपर्यंत.

रात्रीचं काय? रात्रीही नियम तोच, एकच दिवा. टेबल लॅम्प बाजूला ठेवा आणि त्याच्या आणि वस्तूच्या मध्ये बटर पेपर ताणलेली जुनी फोटोफ्रेम उभी करा. दिवा फ्रेमपासून थोडा लांब सरकवला की अख्खा कागद उजळतो आणि लहान बल्बची छोटी खिडकी होते. साध्या बल्बला कागद टेकवू नका, तो पेटतो. एलईडी असेल तर शटर 1/50, 1/100 किंवा त्याहून सावकाश ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, आणि वेगवान शटरला चित्रावर आडवे पट्टे येतात.

निरांजनाचा उजेड 1900 केल्विनच्या आसपास, म्हणजे खूपच तांबूस. तो तसाच राहू द्यावा. स्वयंचलित रंगजुळणी बंद करावी, नाहीतर फोन त्याची ऊब पुसून टाकतो. एका मेणबत्तीचा उजेड मीटरभर अंतरावर साधारण एक लक्स असतो. पाव मीटरवर आणली की सोळा लक्स, आणि तेवढ्यात आयएसओ 100 ला अर्धा सेकंद पुरतो. ज्योत स्वतः मात्र कितीतरी पट उजळ असते. तिला चौकटीत घेतलं तर ती पांढरा डाग होते. एखाद्या डब्याआड लपवा आणि फक्त तिचा उजेड घ्या. पंखा आधी बंद. ज्योत हलली की सावल्याही हलतात.

आणि ज्यांच्या फोनमध्ये प्रो मोड आहे त्यांनी टॉर्च घेऊन बसावं. खोलीत पूर्ण काळोख, आयएसओ 50, शटर दहा सेकंद, फोन डब्याला टेकवलेला. शटर उघडल्यावर छोटी टॉर्च वस्तूवर बाजूने फिरवायची. ती सतत हलती हवी, कारण एका जागी थांबली की धारदार सावली पडते. फिरत राहिली तर ज्या वाटेने ती गेली तेवढा रुंद उगम तयार होतो. तोंड भिंगाकडे वळू द्यायचं नाही, नाहीतर चित्रात उजेडाची रेघ येते. कपडे गडद असले तर तुम्ही मधून गेलात तरी उमटत नाही, बुलेव्हारवरच्या माणसांसारखंच. मक्याच्या कणसावर तीन सेकंद, मागच्या घोंगडीवर दोन, तांब्याच्या कडेवर जेमतेम एक. चित्र पाहून कुठे जास्त झालं ते कळतं. पुढच्या खेपेला तिथला वेळ तेवढा कमी करायचा.